कोल्ड एक्स्ट्रुजनमध्ये शाफ्टच्या पोटात व्ही आकाराचे क्रॅक पडतात, ते कसे थांबवायचे?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०एमएनसीआर५ या स्टीलची ३० मिमी सळई, गरम न करता ओपन डायमधून (सळईला बाजूने आधार नसलेला साचा) दाबून २७ मिमी, डायचा कोन एका बाजूने १५ अंश, म्हणजे अर्धकोन. बाहेरून जॉब चकचकीत, पण ड्रिल मारताना आत पोकळी लागते. हा सेंट्रल बर्स्ट, म्हणजेच शेव्हरॉन क्रॅक. माल खराब आहे असं धरून सप्लायरशी भांडण्याआधी डाय तपासा. दिलेल्या आकड्यांवरून मला पहिला दोष डायचाच दिसतो.

कट (व्यासातली घट) हलका आणि कोन उभा असला की दाब कातडीपुरताच राहतो. कातडी लांबते, गाभा स्वतःहून लांबत नाही, मग कातडी त्याला ओढते. गाभ्यात सगळ्या बाजूंनी ताण येतो आणि सेग्रिगेशन (मिश्रण एकसारखं नसलेला पट्टा) किंवा मँगनीज सल्फाइड या अशुद्धीची रेघ असेल तिथे तो फाटतो. एक फाट पडली की ताण सुटतो, थोडं पुढे पुन्हा साठतो, पुन्हा फाट. म्हणून क्रॅक ठरावीक अंतराने पडतात आणि बाणाचं टोक धातू वाहतो त्या दिशेला असतं.

किती धोका आहे ते कागदावर काढता येतं. दोन्ही व्यासांची बेरीज भागिले वजाबाकी, गुणिले अर्धकोन रेडियनमध्ये (अंश भागिले ५७.३). तुमचं: ५७ ÷ ३ = १९, गुणिले ०.२६, म्हणजे जवळपास ५. हा आकडा साधारण २ च्या वर गेला की गाभा ताणात जायला लागतो. ५ म्हणजे चांगल्या मालालाही भारी.

आता इथे बहुतेक जण उलटं करतात. क्रॅक दिसले की कट आणखी हलका करतात, ३० चं २८ आणि मग २६ असे दोन टप्पे घेतात. तोच कोन ठेवून पहिल्याच टप्प्याचा आकडा ७.५ च्या वर जातो! शिवाय पहिल्या टप्प्यात माल कडक झालेला असतो, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला लवचीकपणा आधीच खर्चलेला. त्याऐवजी एकाच टप्प्यात ३० चं २६ करा आणि अर्धकोन ७.५ अंश ठेवा: १४ × ०.१३ = १.८. व्यास २७ च हवा असेल तर त्याच कोनाने २.५ येतो, शक्य असेल तर सळईच ३१ मिमी घ्या, म्हणजे १.९ होतो.

ओपन डायमध्ये क्षेत्रफळाची घट २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. डायच्या तोंडाआधीच सळई फुगते किंवा वाकते. ३१ चं २७ म्हणजे २४ टक्के, बसतं. त्याहून जास्त हवं असेल तर सळईला बाजूने आधार देणारा कंटेनर लागेल.

कोन कमी केल्यावर दोन गोष्टी बदलतात. खांद्याचा उतार लांबतो, कारण तो डायचा कोन जसाच्या तसा उचलतो; टर्निंगला मार्जिन ठेवा आणि ग्राहकाकडून ड्रॉइंग मंजूर करून घ्या. दुसरं, संपर्क वाढल्याने घर्षण वाढतं, म्हणून सळईवर वंगण म्हणून झिंक फॉस्फेट आणि साबणाचा थर नीट बसलेला हवा.

ड्रॉइंगवरचा ‘१५ अंश’ पूर्ण कोन की अर्धा, हे टूलरूमला स्पष्ट लिहून द्या. हा घोळ फार होतो. हाताने पॉलिश केलेल्या डायचा कोनही बदलतो. प्रोफाइल प्रोजेक्टरवर (आकाराची मोठी सावली पाडून मोजणारं यंत्र) मोजा, डोळ्यांवर विसंबू नका.

मालाचं थोडक्यात: स्फेरॉइडाइझ ॲनिल केलेली (तापवून मऊ केलेली) सळई घ्या. ॲनिलिंगनंतर पुन्हा जोरात ड्रॉ केलेली (डायमधून ओढून बारीक केलेली) नको. दोन टप्पे टाळता येत नसतील तर मध्ये ॲनिलिंग, फॉस्फेट आणि साबण पुन्हा करा. मिलकडून एएसटीएम ई४५ या मानकाचं इन्क्लुजन रेटिंग (स्टीलमधल्या अशुद्धींचं प्रमाण) आणि सळईच्या मधल्या भागाचा मॅक्रो (ॲसिडने उठवलेला छेद) मागवा. आकडा काठावर असेल तर एका हीटमध्ये (मिलमध्ये एकावेळी वितळवलेल्या स्टीलचा घाणा) काहीच नाही आणि पुढच्या हीटमध्ये क्रॅक, असंही होतं. म्हणून डाय बदलली की तपासणी, तशी हीट बदलली की तपासणी.

तपासणीत मॅग्नाफ्लक्स (चुंबकीय कणांची) आणि एडी करंट (विद्युत प्रवाहाची) या चाचण्या इथे उपयोगाचे नाहीत, ते पृष्ठभागाजवळचंच सांगतात. अल्ट्रासॉनिकचा प्रोब शाफ्टच्या तोंडावर, अक्षाच्या दिशेने लावा. संदर्भासाठी क्रॅक असलेला एक जॉब कापू नका, सांभाळून ठेवा. दुसरा अक्षातून उभा चिरा, ग्राइंड करा आणि पाणी-हायड्रोक्लोरिक ॲसिड निम्मे-निम्मे, ७० अंशांच्या आसपास गरम, त्यात १५ ते ३० मिनिटं ठेवा. बाण स्पष्ट उमटतात. ॲसिड पाण्यात ओता, उलटं नाही, आणि धूर बाहेर खेचणारा फॅन चालू ठेवा. दोन जॉब चिरून स्वच्छ निघाले म्हणून लॉट पास करू नका. आधीचा जो लॉट २७ मिमीचा निघाला आहे, तो पाठवण्याआधी शंभर टक्के अल्ट्रासॉनिक करून घ्या.