तो रोज दंगल खेळतो

"ताई, हा रोज दंगल खेळतो. मोठा होऊन असाच निघाला तर?" नऊ वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्या भागात हिंसाचार होऊन दोन महिने झाले होते. शाळा सुरू झाली, बाजार उघडला आणि घरात कुणी तो विषय काढायचा नाही असं ठरलं. मुलगा मात्र संध्याकाळी काड्यापेट्यांची दुकानं मांडायचा, "शटर पाडा!" म्हणायचा आणि सगळं उधळून द्यायचा. चेहऱ्यावर हसू नाही. लगेच पुन्हा मांडायला घ्यायचा.

अशा वेळी मला बाप्सी सिधवा यांच्या 'आइस-कँडी-मॅन' (१९८८) कादंबरीतली लेनी आठवते. फाळणीच्या काळातली, लाहोरची, पोलिओने पाय अधू झालेली मुलगी. जमावाने एका माणसाला चिरलेलं ती पाहते आणि घरी येऊन स्वतःच्या बाहुलीचे पाय ताणून ती फाडते. आतला कापूस बाहेर येतो आणि ती हमसून रडते. हे क्रौर्य नव्हे. पाहिलेलं मनात मावत नाही, म्हणून हात ते पुन्हा करून बघतात. अमेरिकेत चाउचिला इथे १९७६ मध्ये शाळेच्या बससह पळवून नेलेल्या २६ मुलांचा अभ्यास करताना मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनाही असाच खेळ दिसला होता: तोच तो आणि आनंद नसलेला.

त्याच कादंबरीतला दुसरा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. लेनी विश्वासाने खरं सांगून बसते आणि त्यामुळे लपवून ठेवलेली तिची आया जमावाच्या हाती लागते. मग ती जिभेला शिक्षा म्हणून टूथब्रशने रक्त येईपर्यंत जीभ घासते. दंगलीवरच्या कितीतरी कथांमध्ये मूल म्हणजे फक्त निरागस डोळे असतात. इथे ते स्वतःला गुन्हेगार मानतं. लेनीच्या बोलण्याने खरोखर घात झाला होता. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हातून बहुधा तसं काहीच घडलेलं नसतं, पण अपराधाचं ओझं तेवढंच असतं. मोठ्यांना भीती दिसते, हे ओझं दिसत नाही.

म्हणून मी त्याला खेळ थांबवायला सांगितलं नाही. शेजारी जमिनीवर बसले. तिसऱ्या भेटीत लक्षात आलं, शटर पडलं की एक निळी गाडी दर वेळी बाहेरच राहते.

"ही का राहिली?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मी तिला जा म्हटलं होतं."

दंगलीच्या आदल्या दिवशी गोट्यांवरून त्याचं शेजारच्या मित्राशी भांडण झालं होतं. "जा, परत येऊच नकोस," असं हा म्हणाला होता. दुसऱ्या रात्री ते कुटुंब घराला कुलूप लावून निघून गेलं. ते दुसऱ्या धर्माचे होते, आणि घरात विषयच बंद असल्यामुळे ते का गेले, हे याला कुणी सांगितलं नव्हतं. मग कारण त्याने स्वतःच शोधलं.

आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. खेळताना त्याच्याजवळ बसा, आणि ते लोक कुणाच्या भीतीने गेले ते साध्या शब्दांत खरं सांगा. तिने त्या कुटुंबाचा नंबर मिळवला, दोघं मित्र फोनवर बोलले. ते अजून परतलेले नाहीत.

"पण मी बोललो होतो ना?" असं तो तरीही विचारायचा. "तुझ्या बोलण्याने कुणी गेलं नाही, बाळा," हे उत्तर आईला पुढचा दीड महिना जवळजवळ रोज द्यावं लागलं.