पिशवी देण्याआधी बस
चर्चच्या मंडळीच्या सेवाकार्यात तू नवा आहेस, म्हणून सांगतो. धान्याची पिशवी दारात ठेवून लगेच निघू नकोस, आत जाऊन बस. एका आजींकडे मी तीनदा तांदूळ पोचवला. चौथ्यांदा बसलो तेव्हा कळलं, त्यांच्या अंत्योदय रेशन कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य आहे, पण खुरपून झिजलेला अंगठा रेशन दुकानातलं मशीन घेत नाही आणि दुकानदार हाकलून देतो. फार लाज वाटली मला. बायबलच्या लूक 18 मधली विधवा आठव, ती न्यायाधीशाकडे भीक नाही, न्याय मागते! तहसीलच्या पुरवठा शाखेत आजींबरोबर जा, पण बोलू त्यांनाच दे. तक्रार अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची, आणि ती आजींच्याच पिशवीत ठेवायची.