खंड पडल्यानंतर: आयरिश शिकणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

गॉल्वे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला मुद्दाम उशीर केला, कारण त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर 'धीर सोडू नकोस' एवढे लिहून मोकळा झालो असतो, आणि तेवढे तुला डब्लिनमध्ये कोणीही सांगेल. तू तीन गोष्टी कळवल्या आहेस. बी१, म्हणजे मध्यम पातळीच्या आयरिश परीक्षेत तोंडी भागात तू मागे पडलीस. इथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिशभाषक कॉनेमारात आठवडाभर राहिलीस, तेव्हा दुकानदाराने तुझ्या प्रत्येक आयरिश वाक्याला इंग्रजीत उत्तर दिले. आणि परत आल्यापासून नऊ आठवडे वही उघडलेली नाही. चौथी गोष्ट तू लिहिली नाहीस, पण ती पत्रभर जाणवते: या सगळ्याची तुला लाज वाटते आहे. म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

डग्लस हाइड यांचे नाव तुला ठाऊक आहे. आयरिशच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या 'कॉनरा ना गेल्गे' या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष, आणि पुढे १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या घरात आयरिश नव्हती. वडील प्रॉटेस्टंट धर्मगुरू होते, घरची भाषा इंग्रजी होती, आणि आजारपणामुळे शाळा सुटलेला हा मुलगा रॉसकॉमन परगण्यात रानाची राखण करणाऱ्या शेमस हार्ट नावाच्या माणसाच्या मागे फिरून आयरिश शिकला. सुरुवातीला त्याला आयरिशचे वर्णलेखनही येत नव्हते. कानाला जसे ऐकू येई तसे तो इंग्रजी अक्षरांच्या वळणाने रोजनिशीत उतरवून ठेवी. १८७५ साली हार्ट वारला. पंधरा वर्षांच्या हाइडला तो धक्का सोसला नाही आणि भाषेतला रस काही काळ ओसरला. पुढे डब्लिनच्या फेऱ्यांमध्ये आपल्यासारखीच आवड असलेली माणसे भेटली, तेव्हा तो पुन्हा अभ्यासाकडे वळला. ज्या माणसाच्या नावाशी या भाषेचे पुनरुज्जीवन जोडले जाते, त्याच्याही अभ्यासात खंड पडला होता, आणि पुन्हा सुरुवात झाली ती माणसांच्या सोबतीने, ही गोष्ट ध्यानात ठेव. 

तुझा हुरूप ओसरला याचे कारण तू स्वतःच्या आळशीपणात शोधते आहेस. मला ते पटत नाही. वॉर्सात राहून पोलिश शिकणाऱ्याला पाव विकत घेतानाही भाषा लागते. त्याचा उत्साह संपला तरी गरज त्याला पुढे ढकलत राहते. आयरिशच्या बाबतीत ही गरज जवळजवळ नाही. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे चाळीस टक्क्यांनी, आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले; पण शाळा-महाविद्यालयाबाहेर ती रोज बोलणारे निघाले फक्त ७१,९६८. या बोलणाऱ्यांनाही इंग्रजी येतेच. त्यामुळे आयरिशचे प्रत्येक वाक्य दोन माणसांनी ठरवून बोललेले असते. त्यांतल्या एकाने जरी ठरवले नाही, तरी संभाषण इंग्रजीत घसरते आणि कोणाचेच काही अडत नाही. इतर भाषांत जे ओझे गरज आणि उत्साह मिळून उचलतात, ते तुझ्या एकट्या उत्साहाने दोन वर्षे उचलले. तो थकला, यात नवल काहीच नाही.

म्हणून उत्साह परत येण्याची वाट पाहू नकोस, त्याऐवजी थोडी गरज निर्माण कर. डब्लिनमध्ये वाचनालयांत आणि पबमध्ये 'किर्कल कोरा', म्हणजे संभाषणाची बैठक भरते. एक बैठक निवड आणि आठवड्यातून एकदा तिथे जा, तयारी नसली तरीही जा, किंबहुना तयारी नसेल त्या दिवशी तर चुकवूच नकोस. तिथे चार माणसे आपली वाट पाहतात एवढी जाणीवसुद्धा वहीपेक्षा जास्त काम करते; हाइडलाही पुन्हा अभ्यासाकडे वळवले ते माणसांनीच. तिथे कोणीतरी तुला नक्की ऐकवील की सफाईदार इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. ती म्हण या देशात इतकी घासली गेली आहे की ती म्हणणारेच पुढच्या क्षणी तुझी विभक्ती सुधारायला सरसावतात; हसून सोडून दे. मोडकी आयरिश बरी हे खरेच आहे, फक्त ती मोडकी असताना मोठ्याने बोलावी लागते.

आता दुकानदाराबद्दल. तुला तो नकार वाटला. मी गेली अनेक वर्षे या भागात राहतो आणि मला तो बहुधा सवयीचा आणि सौजन्याचा भाग वाटतो: समोरची व्यक्ती अडखळते आहे, तिची सुटका करावी, इतकेच. यामागे जुना इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात काही मुलांच्या गळ्यात काठी अडकवीत, मूल आयरिश बोलले की तिच्यावर खाच पाडीत आणि दिवसाअखेरी खाचा मोजून मार देत. परक्या माणसाशी, शिकल्यासवरल्या माणसाशी इंग्रजीतच बोलायचे हे वळण पिढ्यान्‌पिढ्या असे अंगात मुरले, आणि तू गोरी नसल्यामुळे तर तुझ्याकडून आयरिशची अपेक्षा त्याने मुळीच केली नसणार. त्यात तू त्याला 'कनस अतॉ तू', म्हणजे 'कसा आहेस', असे विचारलेस. हे दक्षिणेकडचे, मन्स्टरचे वळण झाले. कॉनेमारात 'के खी विल तू' म्हणतात आणि उत्तरेला डोनेगॉलमध्ये 'कजे मर अता तू'. त्याला ते समजले नसेल असे नाही, पण वर्गात शिकलेली भाषा त्याच्या कानाने तत्काळ ओळखली. एक बोली निवड आणि निदान दोन वर्षे तिला सोडू नकोस. 'फोरास ना गेल्गे' या आयरिश भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन कोशांत एकाच शब्दाचे तिन्ही बोलींतले उच्चार ऐकायला मिळतात. त्यांतला एकच ऐकत जा. पुढच्या खेपेस दुकानात शिरताच सांग की मी शिकते आहे आणि मला आयरिशमध्येच बोलायचे आहे. अडलीस तर 'नी हिगिम', समजले नाही. 'अबर अरीश ए, गो मॉल', पुन्हा म्हणा, सावकाश. ही तीन वाक्ये इतकी पाठ हवीत की घाबरलेली असतानाही तोंडातून निघाली पाहिजेत. दुकानापेक्षाही ज्या घरी उतरशील तिथल्या 'बॅन अन टी'ला, म्हणजे घरधनिणीला, पहिल्या जेवणाआधी हे सांगून ठेव. दुकानात मागे रांग असते. स्वयंपाकघरात ती नसते.

तोंडी परीक्षेत प्रश्न समजूनही तू गप्प राहिलीस, कारण 'हो' म्हणायला शब्दच सापडेना, असे तू लिहिले आहेस. शब्द सापडणार नाही, कारण तो नाही. आयरिशमध्ये प्रश्नातले क्रियापदच उत्तरात परत द्यायचे असते: समजते का, तर 'तिगिम', समजते. हे तुला अवघड का जावे? घरी आई 'जेवलीस का?' विचारते तेव्हा तू 'जेवले' म्हणतेस, 'येतेस का?' या प्रश्नाला 'येते' म्हणतेस. तू आयरिश शिकताना मराठी बाजूला ठेवून इंग्रजीतून विचार करतेस, आणि माझ्या मते तुझ्या निम्म्या अडचणी तिथून येतात.

हे जरा विस्ताराने सांगतो, कारण तुझे हे धन पेटीत पडून आहे. इंग्रजीत पुस्तक 'बाळगायला' स्वतंत्र क्रियापद लागते. आयरिशमध्ये 'तॉ ल्यौर अगम', आणि मराठीत 'माझ्याकडे पुस्तक आहे'. आयरिश माणूस भुकेला 'होत' नाही, भूक त्याच्यावर असते, 'तॉ ऑक्रस ओरम'. तुलाही भूक लागते, दुःख होते, आनंद होतो, त्यांत तू कर्ता नसतेस. माणसे मोजताना आयरिशमध्ये वेगळी संख्यानामे येतात, 'बेर्ट्य, त्रूर, क्याहरर'. त्यांच्यासाठी इथली शाळकरी मुले तक्ते घोकतात, आणि तुझ्याकडे दोघे, तिघे, चौघे जन्मापासून आहेत. षष्ठीला तू घाबरतेस. घराला आयरिशमध्ये 'त्याख' म्हणतात, पण घराचे दार म्हणताना त्याचे 'टी' होते, 'दोरस अन टी'. म्हणजे घरधनिणीच्या नावात जो शब्द तू आताच वाचलास तोच. विहीर म्हणणारी तू 'विहिरीचे पाणी' म्हणताना शब्द बदलतेस आणि त्या बदलाला सामान्यरूप म्हणतात हे तुला शाळेत जाईपर्यंत माहीतही नव्हते. ते रूप जसे आले तसे हेही येईल: नियमाच्या तक्त्याने थोडे, आणि अख्खे शब्दसमूह तोंडात बसल्याने पुष्कळ. साध्या 'तू'ला आयरिशमध्ये 'तू'च म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळले तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

मराठी जिथे उपयोगी पडत नाही ती जागाही सांगतो, म्हणजे तिथे वेळ देता येईल. आपले शब्द शेवटी बदलतात, आयरिश शब्द सुरुवातीला. होडी म्हणजे 'बॉद'. तिची होडी 'अ बॉद', त्याची होडी 'अ वॉद', त्यांची होडी 'अ मॉद'; आधीचा शब्द तिन्हींत तोच, आणि होडी कोणाची हे केवळ पहिल्या व्यंजनावरून ओळखायचे. 'शेवू' आणि 'उरू' ही या बदलांची नावे तू पाठ केली आहेस, पण कान अजून तयार नाही. तो कागदावर तयार होत नाही.

त्यासाठी 'रेडिओ ना गेलतख्ता' लाव. १९७२ साली सुरू झालेले हे केंद्र आयरिशभाषक भागांतल्या लोकांनी चळवळ करून मिळवलेले आहे, आणि तिथले निवेदक शिकाऊ माणसासाठी वेग कमी करीत नाहीत. सगळा कार्यक्रम ऐकायचा अट्टहास धरू नकोस. रोज हवामानाचा अंदाज तेवढा ऐक. या देशात तो फारसा बदलत नाही, वारा, पाऊस, धुके, पश्चिमेकडून, संध्याकाळपर्यंत, हेच शब्द रोज फिरून येतात, आणि तीन आठवड्यांत तुझ्या लक्षात येईल की आपण भाषांतर न करता ऐकतो आहोत. दहा मिनिटे पुरेत. अनियमित क्रियापदे अकराच आहेत. आठवड्याला एक घे, आणि बैठकीत ते एकदा तरी वापर.

नऊ आठवडे बुडाले, ते भरून काढण्याचा विचार मात्र मनात आणू नकोस. अभ्यासाची थकबाकी नसते. जिथे सोडले होतेस त्याच्या दोन धडे मागून सुरू कर. सोपे वाटेल, आणि आत्ता तुला सोपे वाटण्याचीच गरज आहे. परीक्षेला पुन्हा कधी बसायचे ते उन्हाळ्यात पाहू.

माझ्या दुसऱ्या वर्षी मीही संपूर्ण हिवाळा आयरिश सोडली होती. आमच्या गल्लीत मूळचे अ‍ॅरन बेटांवरचे एक वृद्ध गृहस्थ राहत. ते मला नेहमी आयरिशमध्ये हाक मारीत, म्हणून मी ते दिसताच रस्ता ओलांडू लागलो. चार महिन्यांनी टपाल कार्यालयाच्या रांगेत ते नेमके माझ्या मागे उभे राहिले. पाऊस आहे, म्हणाले. आहे, मी म्हणालो. आणखी दोन वाक्ये झाली आणि त्यांचा नंबर आला. ज्या लाजेपायी मी रस्ते बदलत होतो ती त्यांच्या गावीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वही काढली.

कार्यालयातले सहकारी 'आयरिश कशाला?' असे विचारतात, त्यावर वाद घालू नकोस. त्यांतल्या बहुतेकांनी शाळेत तेरा-चौदा वर्षे ती भाषा शिकूनही बोलणे साधलेले नाही, आणि परदेशातून आलेली मुलगी ती शिकते हे पाहून त्यांना स्वतःचेच काहीतरी आठवते. 'आवडते म्हणून' एवढे उत्तर पुरे. आणि खरोखरच आवडत नसेल, तर सोड. पण तसे स्वतःशी ठरवून, तारीख लिहून सोड, नुसते वही न उघडून नव्हे. तुझ्या पत्रात 'अ वॉद' आणि 'अ मॉद' यांच्या गोंधळाबद्दल अख्खे पान आहे. ज्याला सोडायचे असते तो एवढे लिहीत नाही असे मला वाटते, पण निर्णय तुझा.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी फोन करीन. पहिली दहा मिनिटे आयरिशमध्ये बोलू, मग हवे तर मराठीत. तुझ्याकडे पाऊस आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल. उत्तरात क्रियापद दे.

तुझा शुभचिंतक