पावसाळ्यात पिकअप, दिवाळीनंतर लाकूड: गोव्यात घरी इलेक्ट्रिक गिटार घडवताना

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही मडगावला राहता, घरात तीन पिकअपांची (पिकअप म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबक आणि कॉइल) एक जुनी स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार पडून आहे, तिचे पिकअप सुधारून ते स्वतः घडवलेल्या नव्या गिटारीत बसवण्याची तुमची इच्छा आहे, आणि हे घरच्या घरी जमेल का व सुरुवात लाकडापासून करावी की पिकअपांपासून, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी फोंडा तालुक्यात राहतो आणि घराच्या पडवीत आजवर तीन गिटारी घडवल्या आहेत. हे काम घरी जमते, एवढे मी खात्रीने सांगतो. सुरुवात मात्र पिकअपांपासून करा, आणि तीही आत्ता, पाऊस असतानाच. लाकडाला करवत लावायची ती दिवाळीनंतर. आपल्याकडे हा क्रम हवा ठरवते, आणि तो न पाळल्यामुळे माझी पहिली गिटार वाया गेली.

त्या गिटारीची बॉडी मी जुलैत कापली होती. फणसाची फळी जुनी होती, मेस्ताने (सुताराने) ती सुकी म्हणूनच दिली होती आणि त्याचे म्हणणे खरेही होते. पण एकदा सुकलेले लाकूड कायमचे सुके राहते, हा माझा समज चुकीचा होता. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत ओलीची देवघेव करत असते. हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या घरात असली की लाकडातील ओल सुमारे 17 टक्क्यांवर स्थिरावते, आणि हिवाळ्यात आर्द्रता 65 टक्क्यांपर्यंत उतरली की ती 12 टक्क्यांच्या आसपास येते. ओल एका टक्क्याने घटली की तंतूंच्या आडव्या दिशेने लाकूड ढोबळमानाने पाव टक्का आकसते. म्हणजे चार-पाच टक्क्यांच्या फरकाने 330 मिमी रुंदीची बॉडी सुमारे 3 ते 4 मिमी लहान होते, आणि नेक (गिटारीची मान) बसवण्याची 56 मिमीची खाच अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त अरुंद होते. माझा नेक मेपलचा आणि चारी बाजूंनी लाखेरी थराने बंद केलेला असल्यामुळे तो जवळजवळ तसाच राहिला, खाच मात्र त्याच्याभोवती आवळत गेली, आणि फेब्रुवारीत खाचेच्या पातळ बाजूला केसासारखी चीर दिसली. मार्चपर्यंत ती बोटभर लांब झाली होती.

म्हणून फळी आत्ताच घ्या, पण ती कापू नका. घरात, भिंतीपासून थोडी दूर, खाली बारीक पट्ट्या देऊन ती आडवी ठेवा आणि हा पावसाळा तिला तशीच काढू द्या. तिला पिळवटायचे, वाकायचे किंवा तडकायचे असेल तर ते याच काळात होईल आणि तुमची मेहनत वाचेल. दिवाळीनंतर स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर आठवड्याला तिचे वजन करून वहीत लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन उतरले नाही की लाकूड तयार झाले असे समजा. मोठी फळी काट्यावर मावत नसेल तर तिच्याच टोकाचा एक वीतभर तुकडा सोबत ठेवा आणि त्याचे वजन करा. मात्र लहान तुकडा लवकर सुकतो, म्हणून त्याचे वजन स्थिरावल्यावर मूळ फळीला आणखी महिनाभर द्या.

लाकूड कोणते घ्यावे, यावर लोक फार वाद घालतात. भरीव बॉडीच्या गिटारीत आवाजाचा मोठा भाग पिकअप, तारा आणि विद्युत जोडणी ठरवतात, असे माझ्या अनुभवावरून माझे ठाम मत आहे. त्यामुळे मी लाकूड वजन, स्थिरपणा आणि ते हत्याराखाली कसे वागते, एवढ्यावरच निवडतो. या तिन्ही कसोट्यांवर शिवणीचे लाकूड मला सर्वांत आवडते, कारण ते हलके आहे, सहज कापता येते आणि ऋतू बदलला तरी फारसे हलत नाही. वीणा आणि मृदंग ज्या लाकडाचे होतात तो फणसही उत्तम आहे. त्याचा पिवळा रंग काही वर्षांत तांबूस तपकिरी होतो, हे मात्र ध्यानात ठेवून पॉलिशचा विचार करा. सागवान टिकते, पण 45 मिमी जाडीची बॉडी खांद्याला जड जाते, आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे जोड चिकटवण्यापूर्वी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसून घ्याव्या लागतात.

आता पिकअपांकडे वळतो, कारण पुढचे काही महिने तुमच्या हाती तेच काम आहे.

पहिले काम फक्त मोजण्याचे आहे. प्रत्येक पिकअपच्या दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने मोजा. नेहमीच्या सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपात 0.063 मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचे सुमारे 8000 वेढे असतात, म्हणजे बोटाएवढ्या त्या वस्तूत जवळजवळ एक किलोमीटर तार असते, आणि तिचा रोध 6 किलो-ओहमच्या आसपास भरतो. तापमान 10 अंशांनी वाढले की तांब्याचा रोध सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे 20 अंशांना 6.0 भरणारा पिकअप आपल्याकडच्या उकाड्यात 6.2 दाखवतो, त्यावरून त्यात वेढे जास्त आहेत असे समजू नका. रोध अनंत दिसला तर तार तुटलेली आहे. खाऱ्या दमट हवेत ती बहुधा बाहेरच्या जाड वायरीला जोडलेल्या ठिकाणीच हिरवी पडून तुटते, आणि भिंगाखाली तो सांधा नव्याने सोल्डर केल्यास पिकअप पुन्हा जिवंत होतो. दुसरे मोजमाप चुंबकाच्या दिशेचे आहे. साधे होकायंत्र प्रत्येक पिकअपजवळ धरा आणि वरच्या बाजूला उत्तर ध्रुव आहे की दक्षिण, हे पिकअपच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढे या नोंदीचा फार उपयोग होणार आहे.

पिकअप उघडण्यापूर्वी त्याच्याभोवतीचे सर्किट सुधारा, असा माझा आग्रह आहे. पिकअपचा आवाज केवळ पिकअप ठरवत नाही; कॉइलचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) आणि कॉइल व केबल यांचे कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका विशिष्ट कंप्रतेला उठाव देतात, आणि तो उठाव जिथे पडतो तिथे आपल्याला आवाज चमकदार किंवा बोथट वाटतो. 2.4 हेन्री इंडक्टन्सचा पिकअप उदाहरणादाखल घ्या. स्वतः कॉइलचे 100 पिकोफॅरड आणि केबलचे दर मीटरला 100 पिकोफॅरड धरले, तर 5 मीटरच्या केबलीने हा उठाव 4.2 किलोहर्ट्झला येतो आणि 10 मीटरच्या केबलीने 3.1 किलोहर्ट्झला उतरतो. म्हणजे केबल बदलूनच तुम्ही एका अर्थी पिकअप बदललेला असतो. पॉटचेही (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा बदलता रोध) तसेच आहे: 250 किलो-ओहमचा पॉट हा उठाव दाबतो आणि 500 चा तो मोकळा सोडतो. स्वस्त गिटारीतील खरखरणारे पॉट, ढिला जॅक आणि गंजलेला सिलेक्टर स्विच बदलून, पिकअपांच्या खोबणीला आतून तांब्याची चिकट पट्टी लावून आणि ती अर्थशी (सर्किटच्या अर्थिंगच्या तारेशी) जोडून पाहा. अनेकदा एवढ्यावरच माणसाचे समाधान होते.

त्यानंतरही आवाज कर्कश आणि सपाट वाटत असेल तर चुंबक बदला. तुमच्या गिटारीसारख्या स्वस्त पिकअपांत बहुधा प्लास्टिकच्या बॉबिनमध्ये (तार गुंडाळलेल्या रिळात) लोखंडी खुंट्या असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी डिंकाने चिकटवलेली असते. ती पट्टी हेअर ड्रायरने कोमट करून पातळ पात्याने सोडवा, खुंट्या एकेक करून हळूच खाली ढकला, आणि त्यांच्या जागी त्याच व्यासाचे, सुमारे 5 मिमीचे, अल्निको 5 या चुंबकीय मिश्रधातूचे दंड बसवा. लोखंडाचा गाभा गेल्यामुळे कॉइलचे इंडक्टन्स घटते, उठाव वरच्या कंप्रतेकडे सरकतो, आवाजाची पातळी किंचित उतरते आणि तारेवरचा प्रत्येक आघात स्वच्छ ऐकू येऊ लागतो. दंड घालताना होकायंत्राने नोंदलेलीच दिशा ठेवा. अशा गिटारींत मधला पिकअप अनेकदा उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असतो, आणि त्यामुळेच तो शेजारच्या पिकअपसोबत वाजवताना विजेच्या 50 हर्ट्झची गुणगुण नाहीशी होते; ध्रुव चुकला तर गुणगुण मरत असली तरी दोन पिकअप तारांचा आवाज एकमेकांत खोडतात आणि आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा होतो.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. वरच्या आणि खालच्या फायबरच्या पट्ट्यांमध्ये थेट चुंबकच रोवलेले असतील, म्हणजे बॉबिन प्लास्टिकचे नसेल, तर त्या चुंबकांना मुळीच ढकलू नका. तिथे तार चुंबकांवरच गुंडाळलेली असते आणि दंड सरकताच सर्वांत आतले वेढे तुटतात. मी एक चांगला पिकअप असाच गमावला, आणि तो मित्राचा होता, याचे वाईट मला अजून वाटते.

त्याच पिकअपमुळे मी तार गुंडाळायला शिकलो. शिलाई मशीनची मोटर, तिच्या पायपट्टीने ताब्यात राहणारा वेग, आणि वेढे मोजण्यासाठी साधा कॅल्क्युलेटर, एवढे पुरते: फिरत्या चकतीवर एक लहान चुंबक लावा, त्याच्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ येताच जुळणारा स्विच) बसवून त्याच्या दोन तारा कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या चिन्हाखालील संपर्कांना जोडा, 1 + 1 दाबून ठेवा, आणि प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढत जाईल. वेग फार ठेवू नका, नाहीतर कॅल्क्युलेटर फेरे गाळतो. दुकानात तार मागताना आपल्याकडे एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) हे तारेच्या जाडीचे ब्रिटिश माप चालते हे ध्यानात ठेवा. अमेरिकी 42 गेजला, म्हणजे वर सांगितलेल्या 0.063 मिमीच्या तारेला, सर्वांत जवळची तार 46 एसडब्ल्यूजी आहे. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सहसा याहून पुष्कळ जाड तार मिळते, ती उपयोगाची नाही. तार दोन बोटांत मऊ कापडातून जाऊ द्या; ताण जास्त झाला की ती तुटते आणि कमी झाला की कॉइल सैल राहते. सैल कॉइल मोठ्या आवाजात शिट्टी मारते, आणि त्यावर उपाय मेणाचा आहे.

मेणासाठी चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण घ्या. एका भांड्यात पाणी आणि त्यात दुसरे भांडे, अशी रचना विजेच्या शेगडीवर ठेवा. गॅसवर हे काम कधीही करू नका, कारण मेणाची वाफ ज्योतीला धरते. तापमान 60 ते 65 अंशांत राहील याची खात्री थर्मामीटरने करा. त्यापलीकडे गेल्यास बॉबिन वाकतात. पिकअपमधून बुडबुडे येणे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण 15 ते 20 मिनिटे, तो आत ठेवा. आपल्या हवेत मेणाचा दुसरा लाभ असा की दमटपणा कॉइलच्या आत शिरत नाही.

जत्रेच्या रंगमंचावर, दिव्यांच्या माळा आणि जनरेटर यांच्या शेजारी वाजवायचे असेल, तर ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) एक हंबकर बसवण्याचा विचार करा. उलट गुंडाळलेल्या व उलट ध्रुवाच्या दोन कॉइल एकत्र जोडून गुणगुण मारण्याची ही रचना गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी सिद्ध केली आणि तिच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला. चार तारांचा हंबकर घेतल्यास ओढून-दाबून चालणाऱ्या (पुश-पुल) पॉटने त्याची एक कॉइल बंद करता येते. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात: सेमूर डंकनमध्ये काळी तार सिग्नलची असते, तर डिमार्झिओमध्ये लाल, म्हणून दुसऱ्या कंपनीचा नकाशा पाहून सोल्डर करू नका.

गिटारीच्या वाजवायच्या तारा ब्रिजमार्फत ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात. जुन्या घरांत दोन पिनांची सॉकेट अजून आढळतात, आणि अर्थ नसलेल्या ठिकाणी हातात गिटार धरून मायक्रोफोनला ओठ लावणे धोक्याचे आहे. वाजवण्याच्या खोलीतील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्या.

नेक मात्र पहिल्या गिटारीसाठी तयारच विकत घ्या. 648 मिमी लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 36.37 मिमीवर येतो, पुढचा प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीला 17.817 ने भागून मिळतो, आणि हाताच्या करवतीने झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूकही उंच फ्रेटवरच्या कॉर्डमध्ये कानाला खुपते. बॉडीतील खाच पुस्तकी मापाने न कापता हातातल्या नेकच्या मापाने कापा. नेक स्क्रूने घट्ट बसवल्यावर दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरे ताणून मध्य साधा, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे 324 मिमी तेवढेच पुढे मोजा, आणि मगच ब्रिजची भोके पाडा. जाड तारेचे सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) आणखी दोन-तीन मिलिमीटर मागे जाईल एवढी जागा ठेवा. पॉलिश शिगम्यापूर्वी उरकून घ्या. दमट हवेत मारलेली लॅकर पांढुरकी पडते.

सर्व जोडल्यावर पिकअप एकदम वर आणू नका, कारण अल्निकोचे दंड तारांना खाली ओढतात आणि जाड तारेवर सूर डळमळू लागतो. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि खुंट्यांपासून जाड तारेखाली 2.4 मिमी व बारीक तारेखाली 2 मिमी अंतर ठेवून सुरुवात करा. जूनअखेर, पावसाने घर पुरते ओलावल्यावर, हे अंतर पुन्हा मोजा. नेक वाकल्याने ते बदललेले असेल तर आधी ट्रस रॉड (नेकमधील वाक सुधारणारी सळई) पाव फेरा फिरवा, एक रात्र जाऊ द्या, आणि पिकअपच्या स्क्रूला हात त्यानंतरच लावा.