ब्लेरिओ ११ विमानाचं आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल बनवतोय, मोटर कोणती घेऊ?

कमी केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे) आउटरनर, म्हणजे बाहेरचं कवच फिरणारी मोटर घ्या आणि प्रोपेलर मोठा लावा. खरं ब्लेरिओ ११ विमान १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून गेलं, ते जेमतेम २५ अश्वशक्तीच्या अँझानी इंजिनावर. सावकाश उडणाऱ्या अशा विमानाला गरगर फिरणारा छोटा प्रोपेलर कामाचा नाही. पंखांची लांबी १ मीटर आणि वजन ५०० ग्रॅमच्या आसपास असेल, तर १००० केव्हीची मोटर, १० बाय ४.७ चा (व्यास १० इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यातली पुढची चाल ४.७ इंच) सावकाश उड्डाणासाठीचा स्लो-फ्लाय प्रोपेलर आणि २ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी छान जमते.

मोटरपेक्षा जास्त सतावतो तो तोल. नाक आखूड, शेपटी लांब; त्यामुळे मागे वाढलेला एकेक ग्रॅम भरून काढायला नाकात त्याच्या कितीतरी पट शिसं घालावं लागतं. शेपटीला अगदी हलकं बाल्सा लाकूड वापरा, सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पुढे घ्या, बॅटरी थेट फायरवॉलला, म्हणजे मोटर बसते त्या नाकातल्या फळीला भिडवा. मागे गोंदसुद्धा बेताचाच!

तारा आणि उघडा सांगाडा हवेला खूप अडवतात. थ्रॉटल पूर्ण बंद केलात तर मॉडेल तरंगत येणार नाही, खालीच बसेल. चाकं टेकेपर्यंत मोटर थोडी चालू ठेवा. आणि पहिलं उड्डाण वारा पडलेला असतानाच करा.