कामावरून मन उडालंय: राजीनामा पाठवण्याआधी काय करायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: रोज डोंबिवली ते चकाला, घाटकोपरला मेट्रो बदलून जाऊन-येऊन साडेतीन तास. सहा महिन्यांपूर्वी टीममधला एकजण सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही आणि त्याच्याकडची क्लायंटची खाती तुमच्या गळ्यात पडली. रात्री साडेनऊनंतर अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल. रविवारी दुपारची चहाची वेळ झाली की पोटात गोळा. पूर्वी ज्या कामात जीव होता, तिथे आता नुसत्या पाट्या टाकणं चाललंय. राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे, पाठवू का?

आज पाठवू नका. पुढेमागे ही नोकरी कदाचित सोडावीही लागेल. पण इतक्या दमलेल्या डोक्याला फक्त 'इथून सुटायचंय' एवढंच दिसतं, कुठे जायचंय ते दिसत नाही. मग मिळेल ती ऑफर घाईत घेतली जाते आणि तिथेही तेच कारण हजर असलं, तर वर्षभरात पुन्हा हाच ड्राफ्ट लिहावा लागतो. आधी नेमकं कुठे गळतंय ते शोधा.

त्याआधी एक वेगळी तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या रोगसूचीत २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, पण 'आजार' म्हणून नव्हे, कामाच्या जागेशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन दूर जाणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या वर्णनात तिन्ही दिसतात. पण थायरॉइड बिघडलं, हिमोग्लोबिन उतरलं, बी-१२ कमी पडलं किंवा साखर वाढली, तरी माणूस असाच गळून जातो. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता तर फार आढळते. म्हणून फॅमिली डॉक्टरांना विचारून रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्या: सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (साखरेसाठी). एका सकाळचं काम आहे. हे न करता महिनोन् महिने 'मोटिव्हेशन' शोधत बसणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

दुसरी शक्यता नैराश्याची. ढोबळ फरक असा: बर्नआउटमध्ये कामापासून लांब गेलं की रस थोडा तरी परततो. शनिवारी दुपारी भाचरांशी खेळताना, मॅच बघताना, मनासारखं जेवण समोर आल्यावर चेहरा खुलतो. नैराश्यात शनिवारही सोमवारसारखाच जातो. ही फक्त खूण आहे, निदान नव्हे, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही असेल तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही आहे. मुंबईत परळचं केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. खासगी फी परवडत नाही म्हणून थांबू नका. फक्त केसपेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा आणि तो दिवस रजेचाच धरा.

आता नेमकं कुठे गळतंय ते शोधायला वही. दहा कामाचे दिवस, म्हणजे दोन आठवडे. खिशात मावेल अशी छोटी वही किंवा फोनमधली नोट. चार रकाने: वेळ, काय काम केलं, त्यानंतर कसं वाटलं (उणे २ ते अधिक २), आणि ते काम कुणी ठरवलं. दिवसातून तीनदाच लिहायचं: जेवायला उठण्याआधी, ऑफिसातून निघताना, शेवटचा कॉल संपल्यावर. प्रत्येक वेळी तीन ओळी पुरेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दिवसभराचं सगळं रात्री एकदम लिहिणं. दमलेल्या माणसाला रात्री अख्खा दिवस काळाच आठवतो, सगळीकडे उणे २ पडतात आणि वहीचा काही उपयोग राहत नाही. दुसरी चूक म्हणजे फक्त ऑफिसचं लिहिणं. पहाटे साडेपाचला उठून डबे करणं, आईवडिलांच्या डॉक्टरांच्या खेपा, मुलांचा अभ्यास हेही त्याच अंगातून जातं. तेही लिहा.

दोन आठवडे झाले की उणे पडलेल्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहा. क्रिस्टिना मॅसलॅक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी बर्नआउटची मुळं सहा जागी शोधली: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला (पैसा आणि शाबासकी दोन्ही), माणसं, न्याय, आणि मूल्यं. ही यादी कामाची आहे, कारण प्रत्येक कारणाला औषध वेगळं लागतं. बोजा जास्त असेल तर काम काढावं लागतं. ताबा नसेल तर काम कमी करूनही फरक पडत नाही. कधी, कुठे, कुठल्या क्रमाने करायचं यातला काही भाग स्वतःच्या हातात यावा लागतो. अन्याय झाला असेल, म्हणजे दोघांचं काम करूनही अप्रेझलला शेजारच्याइतकीच श्रेणी मिळाली असेल, तर महाबळेश्वरला आठ दिवस राहून आलात तरी पहिल्या सोमवारी राग तिथेच बसलेला सापडतो. माणसांचा प्रश्न असेल तर टीम बदलून तो सुटू शकतो. मूल्यांचा असेल, ग्राहकाला फसवून माल गळ्यात मारणं हेच काम असेल, तर मात्र बाकी कशानेही फार काळ भागत नाही.

तुमच्या मजकुरावरून माझा अंदाज बोजा, ताबा आणि न्याय या तिन्हींचा आहे. अंदाज चुकू शकतो, वही खरं सांगेल.

मग मॅनेजरशी बोलणं. सगळं इथेच ठरतं आणि लोक नेमकं इथेच घाई करतात. सोमवारी सकाळी किंवा तिमाही संपताना हा विषय काढू नका. बुधवार-गुरुवारी अर्ध्या तासाची वेळ मागा, विषय लिहा 'कामाची प्राधान्यं'. सोबत एक पान न्या, जास्त नाही. त्यावर आठवड्याचे तास, वहीतूनच काढलेले. उदाहरणार्थ: स्वतःची खाती २६, सोडून गेलेल्याची खाती १७, रिपोर्ट ६, रात्रीचे कॉल ७, एकूण ५६. कामाचे तास ४५. वरचे ११. आता वाक्य असं: "हे अकरा तास सहा महिने मी घरून भरतोय. यापुढे होणार नाहीत. यातलं काय थांबवायचं, काय दुसऱ्याकडे द्यायचं, हे आज ठरवूया." 'जरा मदत हवी आहे' असं मोघम मागितलं की एखादा ट्रेनी हातात दिला जातो आणि त्याला शिकवण्याचे तास तुमच्याच पानावर चढतात. म्हणून माणूस मागू नका, काम काढून मागा. माणूस कुठून आणायचा ते त्यांना ठरवू द्या.

मागण्या तीनच ठेवा. एक न सोडण्याची: अकरा तास कमी होणं. एक हवीशी: मंगळवार आणि गुरुवार घरून काम, तीन महिन्यांसाठी. त्यात आठवड्याचे सात तास नुसत्या प्रवासातले वाचतात. दोन दिवस घरून जमत नसेल तर आठ ते पाचची वेळ मागा. एक तास अलीकडे सरकलं तरी परतीच्या गाडीत उभं राहायला जागा मिळते, आणि ज्याने सव्वासातची कल्याण घाटकोपरला पकडली आहे त्याला याची किंमत सांगायला नको. तिसरी मागणी सोडून देता येईल अशी: रात्रीचे कॉल सगळेच्या सगळे बंद करण्याऐवजी पाळीने, तुम्हाला आठवड्यात दोनच.

'बर्नआउट' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत काढू नका. तो ऐकला की बऱ्याच मॅनेजरना हा तुमचा वैयक्तिक प्रश्न वाटतो आणि चर्चा योगाच्या सत्राकडे वळते. आधी आकडे, मग परिणाम (कुठल्या खात्यात चूक झाली, कुठला रिपोर्ट उशिरा गेला), आणि शेवटी तब्येत. 'अप्रेझलनंतर बघू' असं उत्तर आलं तर दोनच गोष्टी विचारा: नेमकी तारीख कोणती, आणि तोपर्यंत कोणतं काम थांबवू? तासाभरात पाच ओळींची मेल पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तोंडी ठरलेलं तिमाहीच्या गडबडीत विरून जातं.

रजा घ्याच, पण तिच्याकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवा. ती थकवा भरून काढते, कारण काढत नाही. म्हणून मॅनेजरशी बोलणं आधी, रजा नंतर, म्हणजे परत आल्यावर टेबलावरचा ढीग तरी कमी असेल. सुटेसुटे शुक्रवार घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस तर झोपण्यातच जातात. सात दिवसांची रजा सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत टाकली की दोन्ही शनिवार-रविवार धरून सलग अकरा दिवस होतात आणि पहिला आठवडा बुधवारी सुरू होऊन तीनच दिवसांचा राहतो. त्या बुधवारी दुपारपर्यंत एकही मीटिंग ठेवू नका. आणि त्या अकरा दिवसांत घराला रंग देणं, गावच्या जमिनीची कागदपत्रं, चुलतभावाचं लग्न हे घुसवू नका. रजा शिल्लक किती ते आधी बघा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवण अशी तरतूद आहे. व्यवस्थापकीय पदावर असाल तर मात्र कंपनीची नियमावलीच पाहावी लागेल.

झोपेबद्दल थोडक्यात. शेवटचा कॉल अकराला संपला तर डोकं लगेच झोपत नाही, किमान पाऊण तास मध्ये लागतो. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. झोपेसाठी दारू घेत असाल तर थांबवा, तिने डोळा लवकर लागतो पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते. गाडीत ऑफिसची मेल उघडायची नाही. घाटकोपर सुटलं की ऑफिसचं ॲप बंद, हा नियम पाळायला सोपा जातो कारण स्टेशन रोज त्याच जागी येतं.

आता गेलेल्या उत्साहाचं. तो परत येईल आणि मग काम करू, अशी वाट बघू नका. क्रम उलटा आहे: आधी छोटं काम पुरं होतं, मग इच्छा हळूहळू मागून येते. रोज सकाळी अकराच्या आत एकच काम, चाळीस मिनिटांत संपेल असं, फोन ड्रॉवरमध्ये ठेवून, शेवटापर्यंत न्यायचं. अर्धवट दहा कामांपेक्षा पूर्ण झालेलं एक काम 'माझ्या हातून काही होत नाही' या भावनेला जास्त लवकर हलवतं. वहीत ज्या कामासमोर अधिक १ आलंय ते आठवड्यात दोन तास तरी वाट्याला येईल असं बघा. या काळात नवा कोर्स किंवा सर्टिफिकेशन घेऊ नका. फी भरली जाते, व्हिडिओ पडून राहतात आणि अपराधीपणाची आणखी एक ओळ वाढते.

घरच्यांना 'मला बरं वाटत नाहीये' एवढंच सांगितलं तर 'एवढा पगार आहे, आणखी काय हवं' असं ऐकायला मिळू शकतं. त्यांचं प्रेम कमी असतं म्हणून नव्हे, काय करायचं ते कळत नाही म्हणून. नेमकं मागा: सोमवार ते गुरुवार घरी आल्यावर अर्धा तास मला काही विचारू नका, शनिवारची भाजी आणि बिलं माझ्याकडे. हे लोक पाळतात.

फरक दिसायला वेळ लागतो. झोप आणि चिडचिड आधी सुधारते, कामातला रस सर्वांत शेवटी. म्हणून मेलमध्ये जे ठरलं त्या तारखेपासून नव्वद दिवस धरा आणि तिसाव्या, साठाव्या दिवशी तीन-तीन दिवस पुन्हा वही लिहा. साठाव्या दिवशीही तास ५० च्या वर असतील तर बाहेर शोधायला लागा, पण नोकरीत राहून. त्याआधी कंपनीतच दुसऱ्या टीममध्ये जागा आहे का ते विचारा.

सोडायचंच ठरलं तर चार हिशेब. हप्ते धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढला तर त्यावर कर लागू शकतो. आणि ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, कारण नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते.

हे नव्वद दिवस कुणी थांबू नये तेही सांगतो. लैंगिक छळ होत असेल, खोट्या नोंदींवर सही मागितली जात असेल, किंवा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं असेल की हे काम आत्ता थांबवा, तर वही-बिही बाजूला ठेवा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा टाका, मेल आणि मेसेज यांच्या प्रती स्वतःजवळ सुरक्षित ठेवा, आणि नोटीस पिरियड कमी करण्याचं बोलणं कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारूनच करा.