पाने नसलेले ओंडके कसे ओळखायचे, आणि बंबात कोणते घालायचे?

नाशिकच्या आडगावकडच्या प्लॉटवर आधीच्या मालकाने टाकलेला ओंडक्यांचा ढीग आहे, पानं नाहीत, झाडं कळत नाहीत, बंबासाठी ठेवू की वखारीला देऊ, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात अजून तांब्याचा बंब पेटतो, त्यामुळे लाकडावरून मी बऱ्याचदा फसलोय.

नावाच्या मागे आधी लागू नका. पूर्ण वाळलेलं कुठलंही लाकूड किलोमागे साधारण सारखीच उष्णता देतं. फरक पडतो तो आकारमानात. बाभळीचा एक ओंडका जेवढा वेळ पुरेल, तेवढ्या वेळात पांगाऱ्याचे दोन-तीन जळून राख होतील. म्हणून करवतीने प्रत्येक ओंडक्याचा सारख्या मापाचा तुकडा कापा आणि महिना-दोन महिने पत्र्यावर उन्हात टाका. मग हातात धरून बघा. जड तो जळणाचा, थर्माकोलसारखा हलका तो फक्त पेटवणाला. ओलेपणी हा अंदाज साफ चुकतो, कारण ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंही असू शकतं. मी एकदा एका वखारीतून 'बाभूळ' म्हणून वजनावर घेतलेला माल निम्मा ओला गुलमोहर निघाला. डिसेंबरच्या थंडीत बंब नुसता धुमसत होता.

आता ओळख. काळपट, खोल भेगांची साल आणि आत विटकरी लाल गाभा असेल तर बाभूळ. सालीवर डिंकाचे खडेही दिसले तर शक्यता आणखी वाढते. हिचा निखारा टिकतो, भरताचं वांगं हिच्यावरच भाजावं. गुळगुळीत सोलणारी साल म्हणजे बहुतेक निलगिरी. जळते छान, पण ओली असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर कुऱ्हाड उसळते. कडुनिंबाचा गाभा तांबूस असतो. पाणी तापवायला चालतो, भाकरीला नको, धूर कडू असतो. फिकट, मऊ, किड्यांनी पोखरलेला दिसला तर बहुतेक गुलमोहर. वास चामड्यासारखा आणि हाताला तेलकट लागला तर साग. तो जाळू नका, सुताराला दाखवा. रस्त्याकडेच्या रेन ट्रीचा गडद तपकिरी गाभाही जाळू नका, त्याच्या फळ्या निघतात.

दोन गोष्टी मात्र ढिगातून आधीच बाजूला काढा. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही नको आणि तिच्या काडीवर काही भाजणं तर नकोच. दुसरा बिब्बा. शहरात तो सहसा सापडत नाही, पण माल पेठ-सुरगाणा तालुक्यांकडून आला असेल तर सालीतून काळा पडणारा चीक पाहा. तो अंगाला लागला की फोड येतात, आणि त्याचा धूरही त्रास देतो.

वखारीला द्यायचं असेल तर वजनावर देण्याआधी फार वाळवू नका. घ्यायचं असेल तर उलट! फक्त प्लॉटवर अजून उभी झाडं असतील तर त्यांना हात लावू नका. महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे तोडीला परवानगी लागते.

आडव्या कापाचा आणि सालीचा जवळून फोटो टाका, वासही लिहा.